वऱ्हाडचा कापूस आणि वाशिमचें रान

लँकेशायरांतील चात्यांचा आणि वाशिमच्या माळावर चरणाऱ्या काळविटांचा परस्परांशीं काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु वऱ्हाडचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे हा संबंध चांगलाच निकटचा आहे असें दिसून येतें. ज्यास हल्लीं जागतिकीकरण म्हणतात, तें या प्रांतास नवें नाहीं. शब्द नवा आहे. वस्तु जुनीच आहे.

वाशिम हें प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या जिल्ह्याचा बराच भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावर पसरलेला आहे. येथें पडलेलें पावसाचें पाणी दोन दिशांस जातें. कांहीं काटेपूर्णेवाटे पूर्णेस आणि पुढें तापीस मिळतें. कांहीं पैनगंगेवाटे गोदावरीच्या खोऱ्यांत उतरतें. खोलगट भागांत काळी भारी जमीन, उतारावर मुरमाड हलकी जमीन. खालीं ज्वारी, तूर, कापूस; वर कुरण आणि विरळ सागवान. शेतास बैल पाहिजेत, बैलास चारा पाहिजे, आणि चारा माळावर व ज्वारीच्या कडब्यांत. शेत आणि रान यांची अशी ही जोडी होती. गांवचा जास्तीचा माल बाहेर नेण्याचें काम बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून करीत. त्यांचें मोठें श्रद्धास्थान पोहरादेवी हें याच जिल्ह्यांत आहे.

इ. स. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. तेव्हां त्यांची दृष्टि वऱ्हाडकडे वळली. भाव एकदम चढले. सरकारनें कापसासाठीं स्वतंत्र कमिशनर नेमला. रिव्हेट-कार्नाक यांनीं तें काम पाहिलें. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला, १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला, आणि १८७० सालीं लॉर्ड मेयो यांनीं खामगांवची शाखा उघडली. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारांत अमरावतीच्या नांवावरून ‘उमरा’ या संज्ञेनें ओळखला जाऊं लागला. युद्ध १८६५ सालीं संपलें, भाव उतरले. परंतु कापूस मात्र वऱ्हाडांतून हटला नाहीं.

या घडामोडींत रानाचें काय झालें? जेथें सारा रोख भरावयाचा आणि रोख केवळ कापसास मिळते, तेथें कुरण राखणें कुणबी कुटुंबास परवडेना. माळ नांगराखालीं आले. ज्या उतारावर गवतानें माती धरून ठेविली होती, तेथें ती पावसाबरोबर वाहूं लागली. आगगाडी आल्यानें बंजाऱ्यांचा वाहतुकीचा धंदा बसला आणि त्यांच्यांतील पुष्कळांनीं कोरडवाहू शेती व मजुरी पत्करली. म्हणजे जमिनीवरील भार दोहोंकडून वाढला. १८९९-१९०० च्या दुष्काळांत याचें फळ दिसलें. ज्यानें ज्वारीच्या ठिकाणीं कापूस लाविला, त्याच्या पेवांत धान्य कमी, दावणीला वैरण कमी. आणि कापसाच्या पैशानें महाग झालेलें धान्य पुरेसें विकत मिळेना. पाऊस हुकणें हें दैवाचें. परंतु पाऊस हुकल्यावर आधार उरूं नये, हें केवळ दैवाचें म्हणतां येत नाहीं.

रानाच्या रक्षणाचा पहिला सरकारी प्रयत्नही बाहेरूनच आला. १८६४ सालीं हिंदुस्थानचें वनखातें निघालें आणि त्याचें मुख्यपद डिट्रिख ब्रांडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाकडे होतें. त्या खात्यास सागाची मोठी काळजी होती, कारण लोहमार्गाच्या स्लीपरांस लाकूड लागत होतें. जंगल वांचविलें पाहिजे हा विचार योग्यच होता. परंतु राखीव जंगलाची सीमा आंखतांना ज्याची गुरें तेथें चरत होतीं, त्यास विचारणारा कोणी नव्हता. त्यामुळें गांवकऱ्यास रखवालदार हा रानाचा राखणदार न वाटतां अडवणूक करणारा वाटूं लागला. रक्षणाची ही वाईट सुरुवात पुढें फार काळ भोंवली.

पुढें मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळास जाणारा अरुंद लोहमार्ग सुरू झाला. ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ती गाडी पुढें ओळखली गेली. कारंज्याचा कापूस तिच्यांतून मूर्तिजापुरास आणि तेथून मुंबईस जाई. १९२१ सालीं मँचेस्टरांतच बांधलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर धांवलें. आज तो मार्ग निजलेला आहे. १९०५ सालीं वाशिम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांस जोडले गेले. १ जुलै १९९८ रोजीं तो पुनः स्वतंत्र झाला.

नव्या जिल्ह्यांत नवें पीक स्थिरावलें, तें सोयाबीन. १८६० नंतर जसा भाव लिव्हरपुरांत ठरे, तसा आतां सोयाबीनच्या भावाचा धागा शिकागोपर्यंत जातो. ऑगस्ट २०२१ मध्यें सरकारनें बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली, ती कोंबडीपालनाच्या धंद्यासाठीं. त्याची चर्चा वाशिमच्या बाजारसमितींत झाली नसती तरच नवल. सोयाबीननें रोख दिली, मुलांचीं शिक्षणें झालीं. तें नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडब्याबरोबर गोठाही रिकामा होऊं लागला. कापसाच्या शेतांत २००२ पासून बीटी बियाणें आलें. कांहीं वर्षें बोंडअळी हटली, पुढें गुलाबी अळी त्यास दाद देईनाशी झाली.

रक्षणाचे प्रयत्नही वाढले आहेत. काटेपूर्णेचें अभयारण्य १९८८ चें. कारंज्याजवळील सोहोळ येथील काळवीट अभयारण्य २००० चें. त्याचा विस्तार अवघा १८.३२ चौरस किलोमीटर. २०१८ पासून जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरांच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प चालला. वाशिम त्यांत आहे. रुंद वरंब्यावर पेरणी, शेततळीं, पाणी मुरविणें, हीं त्यांतील कामें. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग याच जिल्ह्यांतून गेला, आणि वन्य प्राण्यांस ओलांडतां यावें म्हणून त्याखालून व त्यावरून वाटा करण्यांत आल्या. ज्या जगानें रान मागितलें, तेंच जग आतां रान राखण्यास उसने पैसे देतें, हा काळाचा चमत्कारिक न्याय आहे. मात्र उसने पैसे परत करावयाचे असतात, आणि ते ज्वारी-सोयाबीन पिकविणाऱ्या या देशानेंच.

म्हणून इतिहासापासून घ्यावयाचा बोध असा, कीं बाहेरील बाजार बंद करणें कोणाच्याही हातीं नाहीं, आणि तसें करण्यांत हितही नाहीं. परंतु बाजारास जें देतां येतें, तें आणि जें देतां येत नाहीं, तें वेगळें ठेविलें पाहिजे. कापूस विकावा, सोयाबीन विकावें. गायरान, ओढ्याकांठची झाडी आणि उतारावरील माती हीं विकावयाचीं नाहींत. हा हिशेब गांवाच्या सभेनेंच ठेवावा, कारण ब्रांडिस यांच्या काळीं तो केवळ कचेरींत ठेविला गेला म्हणून निम्माच लागला. सोहोळच्या गवतांत काळविटांचा कळप चरतो तें १८.३२ चौरस किलोमीटर एवढें रान. एके काळीं अशा माळांची सीमा आंखावी लागत नव्हती. तेवढें तरी राहतें कीं नाहीं, याचें उत्तर शिकागो किंवा वॉशिंग्टन देणार नाहीं. तें वाशिमनेंच द्यावयाचें आहे.