मेलेला नायक, उरलेला भेदी

पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस नायक गोळी लागून संपलेला. टोळीचा म्होरक्या ठार. नायकाची खरी ओळख ठाऊक असलेला वरिष्ठ अधिकारी त्याआधीच इमारतीवरून खाली फेकला गेलेला. एवढी माणसं खर्ची पडल्यावर त्या कथेचा पुढचा भाग काढायचा कसा? हाँगकाँगच्या अँड्र्यू लाऊ आणि अ‍ॅलन माक या दिग्दर्शकद्वयीने तो काढला. ‘इन्फर्नल अफेअर्स’ १२ डिसेंबर २००२ रोजी झळकला होता. त्रयीतला शेवटचा, ‘इन्फर्नल अफेअर्स ३’, बरोबर एक वर्षाने, १२ डिसेंबर २००३ रोजी आला. दुसरा त्याच वर्षी १ ऑक्टोबरला येऊन गेला होता.

या चित्रपटांचं कूळ बरंच मागे जातं. टोळीत घुसवलेला पोलीस हा हाँगकाँगच्या पडद्याचा जुना माणूस. १९८१च्या ‘मॅन ऑन द ब्रिंक’मध्ये तो दिसतो. १९८७मध्ये रिंगो लॅमच्या ‘सिटी ऑन फायर’मध्ये चाऊ युन-फॅटने तो रंगवला आणि १९९२मध्ये जॉन वूच्या ‘हार्ड बॉइल्ड’मध्ये टोनी लियांगने. या सगळ्यांत संशय एकाच दिशेने जातो: आपल्यात पोलिसांचा माणूस कोण, हे टोळी शोधत असते.

माक आणि त्याचा सहलेखक फेलिक्स चाँग यांनी समोरच्या बाजूलाही तसाच एक माणूस बसवला. जॉन वूच्याच ‘फेस/ऑफ’मध्ये पोलीस आणि गुन्हेगार शस्त्रक्रियेने चेहरे बदलतात. माकला ती अदलाबदल आवडली, शस्त्रक्रिया पटण्याजोगी वाटली नाही. मग चेहरे तसेच ठेवून आयुष्यंच बदलली तर? चान विंग-यान हा पोलीस टोळीत वाढतो. लाऊ किन-मिंग हा टोळीचा पोरगा पोलिसांत भरती होऊन बढत्या मिळवत जातो. दोघांनाही वरून एकच हुकूम येतो: आपल्यातला फितूर हुडकून काढ. म्हणजे लाऊने स्वतःलाच शोधायचं!

पोलीस ठाण्यातला भेदी हाँगकाँगकरांना पटवून द्यावा लागला नाही. १९७३मध्ये पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी भ्रष्टाचाराची चौकशी चालू असताना शहरातून सटकला होता. लोक रस्त्यावर उतरले आणि १९७४मध्ये स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग उभा राहिला. वर्दीतल्या माणसाची निष्ठा नेमकी कुणाशी, हा प्रश्न त्या शहराने एकदा घरातच पाहिला होता.

२००२पर्यंत तिथला चित्रपटधंदा मात्र पार खंगला होता. नव्वदीच्या सुरुवातीला वर्षाला दोनशेच्या वर चित्रपट निघत, आता शंभरही निघेनात. त्या मरगळीत ‘इन्फर्नल अफेअर्स’ने घरच्या बाजारात सुमारे साडेपाच कोटी हाँगकाँग डॉलरचा गल्ला जमवला. अँडी लाऊ आणि टोनी लियांग यांची जोडी, अँथनी वाँगचा अधिकारी, एरिक त्सांगचा हसतमुख पण विखारी म्होरक्या... मीडिया एशिया ही कंपनी इथेच थांबती तरच नवल.

दुसऱ्या भागाने मेलेल्या माणसांचा प्रश्न सोपा केला. कथा १९९१ ते १९९७ या काळात मागे नेली, दोन्ही नायक तरुण नटांना दिले आणि हाँगकाँग चीनकडे जाण्याच्या रात्रीपर्यंत गोष्ट आणून सोडली. तिसऱ्या भागाला ही पळवाट नव्हती. त्याला टोनी लियांगही हवा होता आणि जिवंत उरलेला भेदीही.

उपाय निघाला तो संकलनाच्या टेबलावर जाणारा. चित्रपट चानच्या मृत्यूआधीचे महिने आणि त्यानंतरचे महिने एकमेकांत विणतो. आधीच्या काळात चान जिवंत आहे, डॉक्टर ली सम-यी हिच्या दवाखान्यात जाऊन झोपा काढतो आहे. नंतरच्या काळात त्याच दवाखान्यात लाऊ येतो. एका प्रसंगात दोन्ही काळ एकाच चौकटीत येतात आणि मेलेला माणूस जिवंत माणसाच्या शेजारी दिसतो. पहिला भाग विसरलेल्या प्रेक्षकाची इथे चांगलीच तारांबळ उडते.

पण तिसऱ्या भागाचं खरं बीज पहिल्याच्या शेवटात होतं. तिथे लिफ्टमधल्या गोळीबारानंतर लाऊ एकटा बाहेर येतो आणि पोलिसांचं ओळखपत्र उंचावून दाखवतो. गुन्हेगार सुटतो. चीनच्या मुख्य भूमीसाठी वेगळा शेवट चित्रित करावा लागला: लिफ्टचं दार उघडताच त्याच्याविरुद्ध पुरावा सापडल्याचं कळतं आणि त्याला अटक होते. एकाच गोष्टीचे असे दोन निकाल लागलेले असताना तिसऱ्या भागाने तिसराच निकाल दिला.

लाऊला आता खरोखरच चांगला पोलीस व्हायचं आहे. सुरक्षा विभागातला येउंग हा अधिकारी म्होरक्याचा माणूस असावा, असा त्याला संशय येतो. लिऑन लायने हा येउंग थंडगार डोक्याने रंगवला आहे. लाऊ त्याच्यावर चोरून कॅमेरे रोखतो, त्याच्या तिजोरीतली ध्वनिफीत पळवतो आणि त्याला अटक करायला जाऊन सगळ्यांदेखत ती लावतो. फितीत म्होरक्याशी बोलणारा आवाज लाऊचा स्वतःचाच असतो. तोवर त्याचं मन इतकं ढळलेलं असतं की तो स्वतःला चान समजू लागलेला असतो. तो येउंगला गोळी घालतो, मग स्वतःला; पण मरत नाही. चित्रपटाचं चिनी नाव बौद्ध कल्पनेतल्या अवीची नरकावर बेतलेलं आहे, जिथे यातनांना खंड नाही. लाऊ चाकाच्या खुर्चीत खिळतो आणि त्याचं बोट मोर्स लिपीची टकटक करत राहतं. पहिल्या भागात चान याच टकटकीने पोलिसांना खबर देत असे.

नव्या काळाची चाहूलही या भागात आहे. मुख्य भूमीचा नामांकित नट चेन दाओमिंग यात शेन हा शस्त्रांचा तस्कर होतो आणि तोही छुपा पोलीस निघतो. २९ जून २००३ रोजी चीन आणि हाँगकाँग यांच्यात व्यापार करार झाला. पुढच्या वर्षापासून त्याने मुख्य भूमीसोबत केलेल्या सहनिर्मितींना तिथली बाजारपेठ मोकळी केली. पुढे हाँगकाँगच्या दिग्दर्शकांनी जी वाट धरली, ती या भूमिकेत आधीच दिसते.

तिसऱ्या भागाचा गल्ला सुमारे ३ कोटी हाँगकाँग डॉलरचा. पहिल्याच्या जवळपास निम्मा, तरी दुसऱ्यापेक्षा जास्त.

२००६मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने पहिल्या भागावरून ‘द डिपार्टेड’ केला. त्याला चार ऑस्कर मिळाले, उत्कृष्ट चित्रपटाचंही. समारंभाच्या निवेदनात मात्र मूळ चित्रपट जपानी असल्याचं सांगितलं गेलं. बॉस्टनमध्ये आणलेल्या या गोष्टीत लिफ्टमधून सुटलेल्या भेद्याला घरी परतताच एक पोलीस गोळी घालतो आणि त्याचा हिशेब तिथेच मिटतो. हाँगकाँगमध्ये तोच हिशेब थकीत राहिला होता, म्हणून तिथे तिसरा भाग निघाला.