खारीचा बांध आणि सातबाऱ्यावरील नांव

ठाणें-कल्याणच्या खाडीकांठीं आपल्या पूर्वजांनीं बांध घालून समुद्रापासून जमीन मिळविली. तिला खार म्हणतात. भरतीचें पाणी बांध अडवितो. पावसाचें पाणी उघाडींतून बाहेर जातें. बांध एके ठिकाणीं फुटला तरी सर्वांचींच शेतें नासतात. म्हणून तो गांवानें मिळून राखावयाचा, ही जुनी रीत. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारभूमीचा कायदा केला, १९७९ सालीं महाराष्ट्रानें नवा केला.

पण बांधाच्या आंत राबतें कोण? रोपें उपटणें, चिखलांत वांकून लावणी, बेणणी हीं कामें बहुतांशीं स्त्रियांचीं. खाऱ्या मातींत तगणाऱ्या राता भाताची पारख त्यांच्याच हातांना. सातबाऱ्यावर मात्र बहुधा नांव पुरुषाचें. आणि पीक बुडाल्यावर नुकसानभरपाई मिळते ती नांवाला!

२००५ च्या २६ जुलैचा जलप्रलय कल्याणकरांच्या स्मरणांत आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत वडिलार्जित मिळकतींत हिंदु मुलीचा समान हक्क देशभर लागू झाला; महाराष्ट्रानें तो १९९४ सालींच दिला होता. तरी हक्कसोडपत्रावर बहिणी अद्याप सह्या करितातच.

समुद्र चढत आहे. बांधाला सारा गांव लागतो, हें पूर्वजांनीं ओळखलें होतें. त्या गांवांत स्त्रीचें नांव लिहिणें आपल्याकडे राहिलें आहे.