साहिबी नदी

साहिबी (साबी): गुरुग्राम परिसरातील पावसाळी नदी. राजस्थानात अरवलीच्या टेकड्यांत उगम पावून ती अलवर, रेवाडी, गुरुग्राम, झज्जरमार्गे नजफगढच्या सखल भागात उतरते व पुढे यमुनेला मिळते.

वर्षातील बहुतेक काळ पात्रात वाळूच दिसते. मात्र चांगल्या पावसात नजफगढ झील दूरवर पसरे. पाणी ओसरले की ओलीवर रब्बीची पिके घेतली जात. 1857 च्या उठावात, 25 ऑगस्ट रोजी, इंग्रज सेनानी निकल्सनच्या फौजेला तोफा ओढत या झिलेच्या दलदलीतून जावे लागले.

येथील भूजल मात्र खारे. गुरुग्रामजवळच्या सुलतानपूर परिसरात विहिरींचे पाणी उथळ वाफ्यांत पसरून उन्हात आटवीत. कोकणातल्या मिठागराचीच ही रीत, फक्त समुद्राशिवाय! हे ‘सुलतानपुरी मीठ’ उत्तर भारतात दूरवर विकले जाई. तो धंदा विसाव्या शतकात बुडाला. सुलतानपूरची पाणथळ आता पक्ष्यांसाठी राखीव असून 2021 मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली.

1977 च्या महापुराने दिल्लीची बाहेरची वस्ती बुडाली. त्यानंतर रेवाडीजवळ मसानी येथे बंधारा झाला. ब्रिटिश काळापासून खोदत, रुंदावत आणलेला नदीचा शेवटचा टप्पा ‘नजफगढ नाला’ म्हणून ओळखला जातो. नदीला नाला म्हणणे अन्यायाचेच. दिल्लीत यमुनेला मिळणाऱ्या सांडपाण्याचा मोठा वाटा याच प्रवाहातून येतो.