दूतपक्षी, चिनी पुराणकथांतील

देवता व मानव यांच्यात संदेशांची ने-आण करणारे पक्षी. प्राचीन चिनी साहित्यात त्यांच्या दोन परंपरा आढळतात. पहिलीतील पक्षी स्वर्गाचा आदेश राजवंशांच्या संस्थापकांपर्यंत पोहोचवितात. दुसरीतील नीलपक्षी शी-वांग-मू म्हणजे ‘पश्चिमेची राणीमाता’ या देवतेचे सेवक होत.

पहिल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पक्षी म्हणजे श्वान-न्याओ (कृष्णपक्षी). तो बहुधा पाकोळी मानला जातो. स्वर्गाच्या आज्ञेने तो खाली उतरला व त्यापासून शांग वंश उद्‌भवला, असा उल्लेख शी-जिंग या प्राचीन काव्यसंग्रहात आहे. त्याचे अंडे गिळल्याने ज्यन-दी हिला श्ये हा वंशाचा मूळपुरुष झाला, असे सुमा च्येन हा इतिहासकार सांगतो. पुढे इ. स. पू. सु. १०४६ मध्ये जौ वंशाने शांगांची सत्ता उलथून टाकली. मो-त्झू या ग्रंथातील कथेनुसार, एक तांबडा कावळा चोचीत मणिपट्टिका घेऊन ची पर्वतावरील जौंच्या वेदीवर उतरला आणि शांगांचे पारिपत्य करण्याची स्वर्गाज्ञा त्याने राजा वन यास दिली. अशा कथांमुळे बंड हे बंड न राहता आज्ञापालन ठरे. सत्तांतराच्या समर्थनात त्यांचे महत्त्व आहे.

नीलपक्ष्यांची माहिती प्रामुख्याने शान-हाय-जिंग या भूवर्णनपर ग्रंथात मिळते. ‘चिंग’ या चिनी शब्दात निळ्या व हिरव्या दोन्ही रंगांचा अंतर्भाव होत असल्याने त्यांना ‘हरितपक्षी’ असेही म्हणतात. लाल डोके व काळे डोळे असलेले हे तीन पक्षी सान-वेई पर्वतावर राहतात व राणीमातेसाठी अन्न आणतात. त्यांपैकी दोघांची नावे दा-ली व शाओ-ली अशी असून तिसऱ्यास नुसते चिंग-न्याओ म्हणजे नीलपक्षी म्हटले आहे. या ग्रंथातील राणीमाता वाघाचे दात व बिबट्याचे शेपूट असलेली, रोगराई व शासन यांची उग्र देवता आहे.

हान काळात (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) ती अमरत्व देणारी देवता बनली. थडग्यांतील शिल्पांत तिच्याभोवती तीन पायांचा कावळा, नऊ शेपट्यांचा कोल्हा व औषधी कुटणारा ससा दिसतो. इ. स. पू. ३ मध्ये अवर्षणानंतर हजारो लोक तिच्या आज्ञेची खूण म्हणून गवताच्या काड्या हातोहात देत राजधानीकडे लोटले. तिचा लेख जवळ बाळगणाऱ्यास मृत्यू येणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती, असे हान-शू या इतिहासग्रंथावरून कळते. येथे दूताचे काम पक्ष्याऐवजी प्रजेनेच केले.

हान-वू गूशी या उत्तरकालीन कथासंग्रहात मात्र दूत पुन्हा पक्षीच आहे. सातव्या महिन्याच्या सप्तमीस सम्राट वू-दी याच्या (कार. इ. स. पू. १४१–८७) महालापुढे पश्चिमेकडून एक नीलपक्षी उतरतो. ही राणीमातेच्या आगमनाची सूचना असल्याचे तुंगफांग श्वो हा दरबारी ओळखतो. त्याप्रमाणे ती येते व तीन हजार वर्षांतून एकदा फळणारे पीच सम्राटास देते. परंतु त्याच्या वासना न सुटल्यामुळे अमरत्वाचे औषध त्यास लाभत नाही.

थांग काळातील (६१८–९०७) कवींनी, विशेषतः ली शांग-यीन (सु. ८१३–८५८) याने, नीलपक्ष्यास विरही प्रेमिकांचा निरोप्या केले. स्वर्गादेश आणणारे पक्षी राजवंशांपुरतेच राहिले. नीलपक्षी मात्र देवतेच्या सेवेतून सामान्य माणसाच्या भावजीवनात उतरला. त्यामुळेच चिनी साहित्यभाषेत ‘चिंग-न्याओ’ हा शब्द संदेशवाहक या अर्थाने रूढ झाला.