समुद्रातील पवनचक्क्या

वाऱ्याची मोट बांधू नये असे आपण म्हणतो. डेन्मार्कने १९९१ साली लोलंड बेटाजवळील विंडेबी येथे, उथळ समुद्रात ती बांधली. ४५० किलोवॅटच्या अवघ्या ११ चक्क्या. काँक्रीटचे पाये स्वभारानेच तळाशी स्थिर. लाटांहून खारी हवा अधिक वैरी, असे आम्हांस वाटते. उत्तर समुद्रात हॉर्न्स रेव्ह येथे २००२ साली ८० चक्क्या उभ्या राहिल्या. २००४ साली रोहित्रे व जनित्रे बिघडल्याने सारे यंत्रकक्ष किनाऱ्यावर आणावे लागले. (देवळातील समया खाऱ्या वाऱ्याने कशा काळवंडतात, हे किनाऱ्यावरील वाचकांस सांगावयास नको.) खोल पाण्यात पाया परवडेना, म्हणून २०१७ साली स्कॉटलंडच्या पीटरहेडनजीक ५ तरंगत्या चक्क्या साखळ्यांनी तळाशी नांगरण्यात आल्या. त्याच वर्षी विंडेबीच्या चक्क्या, २५ वर्षांच्या सेवेनंतर, उतरविल्या गेल्या.