गटारीच्या पाण्यावरची भाजी



पाणी म्हटलं की दुष्काळी भागातल्या आपल्याला आधी विहीर आठवते, मग टँकर. शहराच्या गटारीतून वाहून जाणारं पाणी कुणाला आठवत नाही, आणि आठवलंच तर आपण नाकाला पदर लावतो. पण इस्रायल नावाच्या कोरड्या देशाने याच पाण्यावर शेती उभी केली. ते कसं झालं ते आज आम्ही सांगणार आहोत. त्याआधी तिथे काय बिघडलं होतं, ते ऐका.

जेरुसलेम शहराजवळच्या दऱ्यांत शेतकरी शहराचं सांडपाणी जसं येईल तसं भाजीला द्यायचे. पाणी फुकट, खतही त्यातच. भाजी तरारून यायची आणि शहरातच विकली जायची. त्यात सॅलडची पानं असायची, ती लोक कच्चीच खातात. १९४८ साली शहराचे दोन भाग झाले आणि पूर्वेकडची ही भाजी पश्चिम भागात येणं बंद झालं. पुढे संशोधकांनी तपासणीच्या जुन्या नोंदी चाळल्या. पश्चिम भागातल्या लोकांच्या पोटातले जंत त्या वर्षांत खूप कमी झालेले दिसले. १९६७च्या युद्धानंतर ये-जा सुरू झाली, भाजी परत आली, तसे जंतही परत आले. मुद्दाम कुणी असा प्रयोग केला नसता, तो लढायांनी करून दाखवला.

मग १९७० साली तिथे पटकीची साथ आली. सुमारे २५० माणसं आजारी पडली. पटकीचे जंतू सांडपाण्यात सापडले, शेतातल्या मातीत आणि भाजीवरही सापडले. ती भाजी बंद केली, तेव्हा साथ ओसरली. पुढे जंतही कमी झाले.

घाण पाणी नको, हे कळलं. पण पाणीच नको म्हणणं त्या देशाला परवडणारं नव्हतं. तिथल्या १९५९च्या कायद्याने सांडपाणीसुद्धा सगळ्या जनतेच्या मालकीचं ठरवलेलं आहे. तेल अवीव आणि आजूबाजूच्या शहरांचं सांडपाणी शाफदान नावाच्या केंद्रात आणतात. तिथे गाळ खाली बसवतात, सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात. मग ते पाणी वाळूच्या टेकड्यांवर तळी करून सोडतात. ते जमिनीत मुरतं, कित्येक महिने तिथेच राहतं आणि मग विहिरींतून उपसतात. आपण घरी वाळू-कोळशातून पाणी गाळायचो ना, तसंच. फक्त मडक्याच्या जागी अख्खी टेकडी. १९८९पासून हे पाणी वेगळ्या नळाने नेगेव्ह या वाळवंटी भागात जातं. आज इस्रायलचं ८० टक्क्यांहून जास्त सांडपाणी असं शेतीला परत मिळतं. जोडीला ठिबक आहे. पाणी मुळाशी पडतं, पान भिजत नाही.

तरी एक अडचण उरलीच. मीठ आणि बोरॉन यातून जात नाहीत. बोरॉन यायचं कुठून, तर कपडे धुण्याच्या पावडरीतून! ते साठलं की संत्र्या-लिंबाच्या झाडांची पानं करपतात. शेवटी पावडरीतलं बोरॉन कमी करायचे नियम करावे लागले. बाईच्या हातातल्या धुण्याचा शेताशी असा संबंध असतो, हे आम्हांलाही नवीन होतं.

आता आपल्याकडे या. पुणे शहर खडकवासल्याचं स्वच्छ पाणी घेतं. त्या बदल्यात शुद्ध केलेलं ६.५ टीएमसी सांडपाणी मुंढव्याहून उचलून जुन्या कालव्यात सोडायचं आणि हवेली, दौंड, इंदापूरकडच्या शेतीला द्यायचं, असं ठरलं. कल्पना चांगली आहे. पण पाणी काळं येतं, वास मारतं, अशा तक्रारी शेतकरी करत आले आहेत. चांगलं पाणी शहराला आणि अर्धवट धुतलेलं गावाला, हा सौदा आम्हांला मान्य नाही. गावाने पाणी तपासून मागावं.

काय तपासायचं? कच्च्या खायच्या भाजीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली माप दिलं होतं: एका लिटरमध्ये जंताचं एकापेक्षा जास्त अंडं नको, आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जंतू १०००च्या वर नकोत. उसाचा रस उकळून गूळ होतो, त्याची गोष्ट वेगळी. कोथिंबीर, मुळा, काकडी मात्र आपण तशीच ताटात वाढतो. तुमच्या कालव्याला असं पाणी येत असेल, तर गटाच्या ठरावात ही दोन मापं लिहा आणि ग्रामसभेत अहवाल मागा.