इटलीची वाइन बीडच्या वाटेवर

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. इटलीची वाइन आणि बीड? आपल्या जिल्ह्याचं नाव बातम्यांत येतं ते दुष्काळामुळे, ऊसतोडीमुळे, फार तर सीताफळामुळे. त्यात इटली कुठून आली? तर ती आली साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, आधी जहाजातून आणि मग बैलगाडीतून. आधीच सांगतो, हा भाग वाइन प्या म्हणून सांगायला नाहीये. ही गोष्ट व्यापाराची आहे, आणि त्यात आपला मुलूख कुठे होता याची आहे.

सुरुवात इटलीतूनच करू. नेपल्सजवळ वेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. इ.स. 79 मध्ये तो फुटला आणि पाँपेई शहर राखेखाली गाडलं गेलं, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. त्याच राखेत बोस्कोरेआले इथलं एक छोटं शेतघरही गाडलं गेलं. आज त्याला व्हिला रेजिना म्हणतात. ते काही महाल नाही, साधं शेतकऱ्याचं घर. अंगणात 18 रांजण, तोंडापर्यंत जमिनीत पुरलेले. द्राक्षाचा रस त्यातच आंबायचा आणि त्यातच वाइन तयार व्हायची. घराभोवती वेलींच्या मुळांची पोकळ भोकं राखेत तशीच राहिली होती. त्यावरून वेली कुठे होत्या ते शोधलं, आणि तिथे आता पुन्हा द्राक्षवेली लावल्या आहेत. रासायनिक खत नाही, कारखान्यातलं औषध नाही. आज आपण ज्याला ऑरगॅनिक म्हणून जास्त पैसे मोजतो, ती तेव्हाची रोजची शेती होती.

या घरातली वाइन आपल्याकडे आली असं मी म्हणत नाही. पण याच पट्ट्यातली, म्हणजे कांपानिया प्रांतातली वाइन दूरदूर जायची. ती भरायचे अँफोरामध्ये. दोन कानांची, लांब मानेची, टोकदार बुडाची मातीची सुरई डोळ्यांसमोर आणा. एकीत साधारण 25 लिटर मावायचे. इटलीहून जहाजाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला, तिथून नाईल नदीने वर, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राच्या बंदरात, आणि पुढे मान्सूनच्या वाऱ्यावर थेट भारताच्या किनाऱ्याला. एवढा प्रवास केलेल्या सुरईची किंमत काय असेल, विचार करा!

हे सगळं आपल्याला कळतं ते 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकामुळे. इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने ते लिहिलं. कुठल्या बंदरात काय विकलं जातं आणि काय विकत मिळतं, याची ती जवळपास यादीच आहे. भडोचच्या बंदरात, म्हणजे तेव्हाच्या बॅरिगाझात, येणाऱ्या मालात तो वाइन लिहितो. तीन ठिकाणची वाइन सांगतो, आणि त्यात पहिली पसंती इटलीच्या वाइनला. राजासाठी वेगळी, उंची वाइन आणायचे, हेही तो नोंदवतो.

आता ऐका, इथे आपण येतो. तोच व्यापारी सांगतो की भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. फोनवर नकाशा उघडा आणि पैठण ते तेर सरळ रेष ओढा. रेष गोदावरी ओलांडून आपल्या जिल्ह्यात शिरते आणि बीड शहराच्या अगदी जवळून जाते. अंतर साधारण 150 किलोमीटर. 10 दिवसांत 150, म्हणजे दिवसाला 15 किलोमीटर. भरलेल्या बैलगाडीची चाल हीच! दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोब आजही जुळतो. आणि हा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा, असं त्याने स्पष्ट लिहिलंय.

मग वाइन किनाऱ्यावरच संपायची की आत यायची? पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर प्रवरेकाठी नेवासे आहे. तिथे 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, आणि अँफोराचे तुकडे मिळाले. म्हणजे सुरया घाट चढून दख्खनमध्ये पोचल्या होत्या. मात्र एक लक्षात ठेवा. भारतात सापडलेलं असं प्रत्येक खापर रोमचं नसतं. काही तुकडे पुन्हा तपासल्यावर इराककडच्या सुरयांचे निघाले. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी खापराचा फोटो टाकून 'रोमन' म्हणालं, तर लगेच फॉरवर्ड करू नका.

बरं, या महागड्या मालाच्या बदल्यात आपण काय देत होतो? पेरिप्लस सांगतो, पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड. साधं सुती कापड, तलम मलमल, सगळंच. रोमन लेखक प्लिनी तर कुरकुर करतो की भारत दरवर्षी रोमचे 5 कोटी सेस्टर्स घेऊन जातो. तेव्हा रोमन सैनिकाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्स होता. म्हणजे 55 हजार सैनिकांचा वर्षाचा पगार झाला! पाँपेईत 1938 मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि आपल्या तेरला मिळाल्यात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाऊन या, गावातच आहे.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. इटलीने द्राक्षं पाठवली नाहीत, वाइन पाठवली. तेरने कापूस पाठवला नाही, कापड पाठवलं. दोघांनीही शेतातलं पीक तसंच विकलं नाही. त्यावर हात फिरवला, कसब ओतलं आणि मग विकलं. म्हणून 30 दिवसांचा गाडीरस्ता आणि वर समुद्र ओलांडूनही तो धंदा परवडत होता.

आता आजचं बघू. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेली नावाची वाइनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेली म्हणजे भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू एकत्र आले, आणि सोबत टस्कनीचे वाइन बनवणारे पिएरो मासी. असे सात जण, म्हणून त्यांच्या एका रेड वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. तिच्यात सांजोवेझे हे टस्कनीचं द्राक्ष वापरतात, पण ते पिकतं सोलापूरच्या मातीत. व्हिला रेजिनासारखा हा छोटा घरगुती मळा नाही, मोठा उद्योग आहे. पण फरक बघा. तेव्हा भरलेली सुरई आली होती, आता वेल आलीये आणि तिच्यासोबत कसबही.

आणि आपण? कापूस आजही बीडमध्ये पिकतो, पण जिनिंगमध्ये गाठी बांधून बाहेर जातो. दिवाळीच्या आसपास आपल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक आजही निघतात, पण त्यात माल नसतो, माणसं असतात. कोयते, भांडीकुंडी, लेकरं. तेव्हाच्या गाडीवानाने ती वाइन चाखली नसणार, त्याचं नावही कुणी लिहिलं नाही. लिहिलं गेलं ते राजाचं आणि मालाचं. म्हणून जुना काळ सोन्याचा होता वगैरे मी म्हणणार नाही. पण या वाटेवरून एकेकाळी तयार माल जायचा, नुसते हात नाही, एवढं मात्र पुराव्यानिशी सांगता येतं. 'बीडमध्ये काय होणार' असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर त्याला ही गोष्ट ऐकवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!